हटवारभाऊंचं नारंगी रडणं

वसंतराव हटवार स्कूटर मागे घेताना तोंडाने भोंगा वाजवायचे. स्कूटरचा हॉर्न चांगला चालायचा, पण तीस वर्षं पोलादाच्या प्लांटमध्ये लोको, म्हणजे मालगाडीचं इंजिन, चालवलेल्या माणसाला आवाज दिल्याशिवाय एक फूटही मागे जाववत नसे. सेक्टर दोनमधल्या आमच्या ओळीतल्या बायका तो भोंगा ऐकून डबे भरायला घ्यायच्या, कारण सकाळच्या शिफ्टला निघायची ती वेळ असायची.

मी, पटले, त्यांच्याच लोकोवर शंटर होतो. ते वर केबिनमध्ये बसून गाडी चालवायचे आणि मी खाली रुळाजवळ उभा राहून हिरवा नाहीतर लाल झेंडा दाखवायचो. नऊ वर्षं हे चाललं. आमच्या गाडीत माणसं नसायची. भट्टीतून निघालेलं पातळ, पेटतं लोखंड असायचं. त्यामुळे झेंडा बघण्यात चूक केली तर माफी मागायलाही कोणी उरलं नसतं. हटवारभाऊंनी एकदाही चूक केली नाही, आणि हे ते दिवसातून दोनदा सांगायचे.

मूळचे भंडारा जिल्ह्यातले, तुमसरजवळच्या खेड्यातले. घरी मराठी, प्लांटमध्ये हिंदी, आणि चिडले की दोन्ही एकदम. कुठलीही गोष्ट समजावताना "आता हे समजून घे, पटले" अशी सुरुवात करायचे आणि मग जगातली कुठलीही भानगड लोको, रूळ आणि शिफ्ट यांच्यात बसवून दाखवायचे. त्यांचं खोटं मात्र मला लगेच कळायचं. खोटं बोलायच्या आधी ते चष्मा काढून पुसायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांना खोकला लागला तेव्हा चष्मा फार स्वच्छ राहायला लागला. खोकला धुळीचा आहे, मग फोडणीचा, मग नवीन पंख्याचा. पंखा बंद केला तर म्हणाले, आता उकाड्याचा आहे. महिना उलटला, पट्ट्याला दोन नवीन भोकं पाडली, संध्याकाळी अंग कोमट लागायला लागलं. शेवटी शेजारून भाऊंच्या पत्नी शांतावहिनी कुंपणाजवळ आल्या आणि मला म्हणाल्या, "पटलेभाऊ, यायले तुमीच घेऊन जा. माह्यं तं ऐकूनच नाही राहिले."

मी घेऊन गेलो. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. टीबी निघाला.

घरी आलो. स्कूटर वळवताना भोंगाही नाही. फाटकापाशी थांबून एवढंच म्हणाले, "पटले, पोरीचं लग्न ठरून राहिलं. कोनाले सांगजो नको."

दुसऱ्या दिवशी ममता साहू आल्या. कुरुदकडे राहायच्या, सरकारी आरोग्य केंद्रात टीबीच्या पेशंटांचं काम बघायच्या, स्कूटीच्या डिकीत गोळ्यांची पाकिटं. तीन वाक्यं हिंदीत बोलायच्या आणि चौथं छत्तीसगढीत, आणि ते चौथंच महत्त्वाचं असायचं. वजनाप्रमाणे रोज सकाळी उपाशीपोटी चार गोळ्या, एकदम. सहा महिने. मध्ये एक दिवससुद्धा सोडायचा नाही. वहिनी एकेक गोष्ट वहीत लिहून घेत होत्या. शेवटी ममताबाई उठता उठता म्हणाल्या, "पेसाब नारंगी होही कका, डर्राहू झन."

डर्राहू झन म्हणजे घाबरू नका. हटवारभाऊंनी वाक्याचा तेवढाच भाग ऐकला, मोठ्या धीराने मान हलवली, आणि पुढच्या सकाळी घाबरले.

मी दाढी करत होतो. भिंतीपलीकडून आवाज आला, "पटले, लवकर ये. मी चाललो."

धावत गेलो. भाऊ मागच्या अंगणात बनियनवर उभे, हातात लोणच्याची काचेची बरणी. बरणीत जे होतं ते त्यांनी सूर्याकडे धरून मला दाखवलं.

"हे रक्त होय का?"

"रक्त नाही वाटत, भाऊ. संत्र्याचं सरबत दिसून राहिलं."

"मंग माह्या अंगात सरबत कुठून आलं?"

स्वयंपाकघरातून वहिनी शांतपणे म्हणाल्या, "ते बरणी आता घरात आणू नका."

मी ममताबाईंना फोन लावला. त्या इतक्या हसल्या की फोन कानापासून लांब धरावा लागला. मग सांगितलं, गोळ्यांत चार औषधं आहेत, त्यातल्या एकाचा स्वतःचाच रंग विटेसारखा लाल आहे. रिफॅम्पिसिन त्याचं नाव. काम झालं की शरीर ते बाहेर टाकतं, लघवीतून, घामातून, डोळ्यांतल्या पाण्यातूनसुद्धा. रंग दिसला म्हणजे औषध पोटात गेलं. बिघडलं काहीच नाही.

हे ऐकल्यावर हटवारभाऊंची भीती गेली आणि अभिमान आला. तो जास्त त्रासदायक होता. रोज सकाळी भिंतीवरून मला बातमी मिळायची. "आज वीट." "आज फिक्का, काल पानी जास्त पेलो." "आज असा रंग आला पटले, तू पाहायले पायजे होता." मी चहा पीत असायचो. माझ्या बायकोने त्या दिवसांत अंगणात चहा देणं बंद केलं.

बनियन काखेत केशरी व्हायला लागले. वहिनींनी त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत टाकले, आणि ते टॉवेल दाखवत फिरायचे: "धुऊन पाय. जात नाही."

गोळ्या नुसत्या रंगाच्याच नव्हत्या. पहिले दोन आठवडे जेवण समोर आलं की मळमळायचं. पायाचा अंगठा ठणकायचा, चप्पल घालता येईना. तळव्यांना मुंग्या आल्यासारखं व्हायला लागलं तेव्हा ममताबाईंनी एक छोटी व्हिटॅमिनची गोळी जोडून दिली, आणि ते थांबलं. डोळ्यांचं पांढरं पिवळं दिसलं तर मात्र त्याच दिवशी दवाखान्यात यायचं, असं बजावून ठेवलं होतं, कारण ते यकृत बिघडल्याचं लक्षण. झालं. भाऊ दिवसातून चारदा मला खालची पापणी ओढून दाखवायचे. "पांढरं हाये ना? नारंगी चालते, पिवळं चालत नाही. ध्यानात ठेव."

पण खरी भीती वेगळीच होती, आणि ती चौथ्या औषधाची. एथॅम्ब्युटॉल. ते क्वचित कोणाच्या डोळ्यांवर जातं, आणि जातं तेव्हा आधी लाल आणि हिरव्यातला फरक पुसट होतो. हे वाक्य हटवारभाऊंनी पूर्ण ऐकलं.

महिनाभराच्या रजेनंतर ते कामावर आले तेव्हा प्लांटच्या डॉक्टरने साहजिकच सांगितलं, कोर्स संपून डोळे तपासेपर्यंत लोको नाही. हलकं काम द्या. साहेबांनी विचार केला आणि त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, जिथे आमचे सिग्नलचे झेंडे ठेवतात.

आता बघा. ज्या माणसाला लाल-हिरवं दिसेनासं होण्याची धास्ती, त्याला आठ तास लाल आणि हिरव्या झेंड्यांमध्ये बसवलेलं. एक डोळा झाकून झेंडा बघायचा, मग दुसरा झाकून. झेंडा घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा. "हा कोनता?" "लाल, भाऊ." "बराबर. मलेही लालच दिसून राहिला." घरी टोमॅटो आणि मिरच्या. वहिनींनी एकदा अर्धवट पिकलेले टोमॅटो आणले तर अर्धा तास ताटावर बसून होते.

दुसरा महिना संपत आला तेव्हा तो दिवस आला. मी दुपारी स्टोअरमध्ये गेलो तर भाऊ टेबलावर दोन झेंडे पसरून बसलेले, चेहरा उतरलेला.

"पटले, मले सांग. यातला लाल कोनता?"

मी बघितलं. खरं सांगतो, मलाही कळेना. जुना माल होता. एक उन्हात उडून भुरा झालेला, दुसरा ग्रीस लागून भुरा झालेला.

"भाऊ, दोन्ही भुरेच आहेत."

"तू मले बरं वाटावं म्हनून बोलून राहिला."

"नाही जी, खरंच."

त्यांनी झेंडे घडी करून ठेवले. "तीस वर्षं," एवढंच म्हणाले. हटवारभाऊ अर्ध्या वाक्यावर थांबलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

नंतर वहिनींकडून कळलं की त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी अडकित्त्याने गोळी फोडून बघितली. डोळ्यांचं औषध बाजूला काढून बाकीचं खायचं असा बेत होता. पण एकेका गोळीत सगळी औषधं एकत्र कालवलेली. तुकडे करून पाहिले तरी सगळीकडे एकच रंग. मग त्यांनी गोळ्या खाणंच बंद केलं आणि कोणाला पत्ता लागू दिला नाही. पाकिटातून काढून तुळशीच्या कुंडीत पुरत होते.

मला शंका यायला हवी होती. तीन सकाळी भिंतीवरून रंगाची बातमी आली नव्हती. मला वाटलं, चला, सुटलो.

चौथ्या दिवशी ममताबाई आल्या. मी तिथेच होतो. गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजली, बरोबर भरली. मग पिशवी उचलता उचलता सहज विचारलं, "कका, रंग कैसा है?"

हटवारभाऊंनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. म्हणाले, "अव्वल. सँपल ठेवलंय, दाखवतो." आणि आतून एक बाटली आणून ओट्यावर ठेवली. रंग इतका सुंदर होता की मलाच संशय आला. ममताबाई वहीत काहीतरी लिहीत बसल्या. दोनेक मिनिटांत भिंतीच्या फटीतून एक मुंगी निघाली, तिच्यामागे दुसरी, आणि थोड्या वेळात बाटलीपर्यंत सरळ रांग लागली. त्यात वाऱ्याची झुळूक आली आणि आम्हा सगळ्यांना इलायचीचा वास आला.

ममताबाई गंभीरपणे म्हणाल्या, "कका, चींटी लग रही है। इसका मतलब शुगर भी है। कल खाली पेट खून देना पड़ेगा, फिर दो घंटे बाद फिर से। सुई भी लग सकती है।"

सुई हा शब्द ऐकल्यावर भाऊंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "सरबत होय ते," म्हणाले.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी तुळशीच्या कुंडीकडे बघितलं, भाऊंकडे बघितलं, आणि आत गेल्या. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

मला वाटलं ममताबाई आता रागावणार. त्या खाली ओट्यावर बसल्या आणि भाऊंना समजेल अशा बोलीत सांगायला लागल्या. छातीतल्या जंतूकडे स्वतःला वाढवायचा एक मोठा नकाशा असतो. काहीही बनवायचं तर त्या नकाशावरून आधी छोटी नक्कल काढावी लागते. नारंगीवालं औषध त्या नक्कल काढणाऱ्या यंत्रातच जाऊन अडकतं. दोन-तीन अक्षरं निघतात आणि पुढचं निघतच नाही. दुसरं औषध जंतूची भिंत बांधू देत नाही. तिसरं कोपऱ्यात झोपून राहिलेल्यांना गाठतं. चौथं, ज्याची तुम्हाला भीती आहे, ते पहारा देतं, म्हणजे एकाला चकवून निघालेला जंतू दुसऱ्याच्या हाती लागावा.

हटवारभाऊ हळूहळू सावरून बसले. "म्हंजे शिफ्टचा ऑर्डरच निघत नाही. माल हाये, मजूर हाये, पन कागद नाही तं काम बंद."

"हव कका. और तीन दिन गोली नहीं खाई, तो कागज निकलना चालू. और उसमें से कोई एक ऐसा निकला जिसकी मशीन थोड़ी अलग है, तो फिर ये गोली उस पर चलेगी ही नहीं. फिर वही बढ़ेगा. और आप खाँसोगे तो काकी को वही मिलेगा."

हे शेवटचं वाक्य त्यांना लागलं. आत गेलेल्या वहिनींच्या दिशेने बघत बसले. मग विचारलं, "अन् माहे डोळे?"

"आँख कल दिखा लेंगे. डर लगे तो बोलना है, कका. कुंडी में नहीं गाड़ना है."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. ठिपक्यांमध्ये लपलेले आकडे ओळखायचं पुस्तक असतं, त्यातले सगळे आकडे भाऊंनी ओळखले. डोळे ठणठणीत होते. डॉक्टरांनी सांगितलं, दर महिन्याला या. काही वाटलं तर ते औषध लगेच थांबवू, वेळेत थांबवलं तर बहुतेकांची नजर परत येते. गोळ्या परत सुरू झाल्या, आणि त्या दिवसापासून वहिनी समोर उभ्या राहून त्यांना आ करायला लावायच्या. स्टोअरमधल्या त्या दोन भुऱ्या झेंड्यांबद्दल भाऊंनी रीतसर तक्रार लिहिली, आणि दोन्ही बदलून मिळाले. तुळस तेवढी वाळली. गोळ्यांनी की वहिनींनी रागाच्या भरात पाणी घातलं नाही म्हणून, ते कळलं नाही.

मे महिन्यात प्रणालीचं लग्न लागलं. प्रणाली त्यांची एकुलती मुलगी. मुलाकडचे गोंदियाचे, मोठं घर, बोलायला कडक. त्यांना सांगितलं होतं की वसंतरावांना न्यूमोनिया झाला होता. टीबी म्हटलं की स्थळ मोडतं, ही भाऊंची भीती डोळ्यांच्या भीतीपेक्षा जुनी होती. खरं तर पाचवा महिना संपत आला होता, थुंकीत जंतू दिसेनासे होऊन बरेच दिवस झाले होते, कोणाला लागण्याचा प्रश्नच नव्हता. पण हे मांडवात कोण ऐकणार?

वहिनींनी सगळी तयारी केली होती. गडद निळा रुमाल, आतून दोन बनियन, आणि सक्त ताकीद: रडायचं नाही. घामाचं कोणी विचारलं तर हळद लागली म्हणायचं.

सामुदायिक भवनातले कूलर दुपारीच बंद पडले. तरी भाऊ पाठवणीपर्यंत टिकले. प्रणालीला गाडीत बसवलं, तोवरही ठीक. मग व्याह्यांनी पुढे होऊन त्यांना मिठी मारली आणि म्हणाले, "वसंतराव, पोरगी आता आमची." आणि हटवारभाऊ त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून जे रडायला लागले ते थांबेचनात. निळा रुमाल खिशातच राहिला. बाजूला झाले तेव्हा व्याह्यांच्या पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर दोन नारंगी डाग होते.

मुलाची आत्या जवळच उभी होती. "अगं माय," ती हळूच म्हणाली, "यायच्या डोळ्यातून हळद निघून राहिली."

"सकाळचीच होय जी," वहिनी म्हणाल्या.

"हळद डोळ्यात कोन लावते?"

सगळे बघायला लागले. हटवारभाऊंनी चष्मा काढला. मी मनात म्हटलं, आता येतं काहीतरी. चष्मा हातात धरून ते थोडा वेळ उभे राहिले. कारच्या काचेतून प्रणाली त्यांच्याकडेच बघत होती. मग त्यांनी चष्मा न पुसताच परत घातला.

"न्यूमोनिया नाही," ते म्हणाले. "मले टीबी होता. अजून एक महिना गोळ्या हायेत. माह्यापासून आता कोनाले लागत नाही, पन मी लपवलं, ते खरं."

शांतता त्यांना सहन होत नसे, म्हणून ते पुढे बोलत गेले. "आता हे समजून घ्या. जंतूचा शिफ्टचा ऑर्डर असते ना…" आणि व्याह्यांचा हात धरून रिफॅम्पिसिन समजावायला सुरुवात केली. यंत्र, नक्कल, कागद. मिठाईच्या डब्यांची भिंत रचून दुसरं औषधही दाखवलं.

मुलाचे आजोबा खुर्चीत बसले होते. कानाने पार गेलेले. त्यांनी नातवाला विचारलं, "काय म्हन्ते तो?" नातू कानाशी पुटपुटला. ऐकू गेलं नाही. परत विचारलं. शेवटी आत्याच ओरडली, "टीबी, बाबा. टीबी."

म्हातारा ताडकन उभा राहिला. "यायले कोनं सांगितलं? माही तं तवाच बरी झाली."

व्याह्यांनी डोळे मिटले. आत्याने तोंडावर पदर घेतला. तेव्हा आम्हाला कळलं की लपवणारं घर एकच नव्हतं.

आजोबांना मात्र कोणीतरी मन मोकळं करायची संधी दिल्यासारखं झालं. हटवारभाऊंजवळ येऊन मोठ्याने सांगायला लागले. त्यांच्या वेळी सुया होत्या, रोज टोचायचे, बसायची सोय ठेवली नव्हती. त्या सुयांनीच कान गेले. "तुले गोळ्या हायेत का नुसत्या?"

"नुसत्या गोळ्या," भाऊ त्यांच्या कानात ओरडले. "पन लघवी नारंगी होते."

"तेवढंच ना? मंग कायले रडतं?"

पहिल्यांदा वहिनी हसल्या, तोंडावर हात ठेवून. मग व्याही स्वतःच्या खांद्याकडे बघून हसले. "हे निघते का धुऊन?"

"निघत नाही," हटवारभाऊ म्हणाले. त्यांनी ते अगदी प्रामाणिकपणे सांगितलं.

कारची काच खाली झाली. प्रणालीचेही डोळे भरले होते, पण ती म्हणाली, "पापा, पूरा मोहल्ला सुन लिया। अब हम चलें क्या? अंदर एसी बंद है।"

जूनमध्ये कोर्स संपला, आणि पावसाळ्यात डोळ्यांचा दाखला घेऊन भाऊ लोकोवर परत आले. पहिल्या दिवशी मी हिरवा झेंडा दाखवला तरी गाडी हलेना. त्यांनी केबिनमधून डोकं बाहेर काढलं.

"हिरवाच ना, पटले?"

"हिरवाच, भाऊ."

"मलेही तसाच दिसून राहिला. असंच विचारलं."

दोन वर्षांनी रिटायर झाले आणि क्वार्टर सोडून तुमसरकडे गावी राहायला निघाले. मी त्यांना सोडायला दुर्ग स्टेशनवर गेलो. सामान चढवलं, वहिनी खिडकीशी बसल्या, आणि समोरच्या बाकावर एक नवराबायको होते. नवरा रुमालात खोकत होता. हटवारभाऊ मला काहीतरी सांगता सांगता थांबले. त्याच्याकडे वळले. "किती दिवस झाले, दादा?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, धूळ आहे. भाऊंनी मान हलवली आणि त्याच्या शेजारी सरकून बसले.

गाडी हलली. मी हात केला, वहिनींनी केला. भाऊंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते त्या माणसाला करंगळी वर करून दाखवत होते, आणि दुसऱ्या हाताने त्याच्या बायकोच्या साडीच्या केशरी काठाकडे बोट करत होते. बाई घाईघाईने पदर आवरून घेत होती. नवरा मात्र खोकायचं विसरून त्यांचं ऐकत बसला होता.